आकडा काउंटीचा, संधी कुणाची?

८ जून २०२४ रोजी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात टीटन खिंडीतला रस्ता खचला. नुसता तडा गेला नाही. डोंगरउतारावरचा भराव रस्त्यासकट खाली गेला. या रस्त्याच्या एका टोकाला जॅक्सन, वायोमिंगमधल्या टीटन काउंटीचं मुख्य गाव. दुसऱ्या टोकाला व्हिक्टर आणि ड्रिग्ज. तीही टीटन काउंटीतच, पण ती टीटन काउंटी आयडाहो राज्यातली. नाव एक, डोंगर एक, मधे राज्याची सीमा. जॅक्सनच्या हॉटेलांत चादरी बदलणारे, भटारखान्यात राबणारे, रुग्णालयातल्या परिचारिका, शिक्षक, सुतार यांतले कितीतरी जण रोज सकाळी खिंड ओलांडून कामावर येतात, कारण जॅक्सनमध्ये घर करणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. रस्ता गेल्यावर त्यांना डोंगराला वळसा घालून यावं लागलं आणि एकेका खेपेला तासाभराहून जास्त वेळ अधिक मोडला. तात्पुरता वळणरस्ता सुरू व्हायला २८ जून उजाडला.

आता या दोन टीटनांचे आकडे पाहा. वायोमिंगची टीटन काउंटी दरडोई उत्पन्नात अमेरिकेत पहिली. २०२१ मध्ये हा आकडा तीन लाख डॉलरच्या पुढे गेला. राज्यात आयकर नाही, हिमशिखरं सुंदर आहेत, त्यामुळे गडगंज माणसं आपला अधिकृत पत्ता तिथे ठेवतात. त्यांचे लाभांश, व्याज आणि भाड्याचं उत्पन्न त्या पत्त्यावर नोंदलं जातं. वॉशिंग्टनच्या इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने २०१५ च्या आकड्यांवरून हिशेब मांडला, तेव्हा तिथल्या वरच्या एक टक्क्याचं सरासरी उत्पन्न उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांच्या सरासरीच्या १४२ पट निघालं. आणि चादरी बदलणारी बाई? तिचा पगार जॅक्सनमध्ये तयार होतो आणि खिंड ओलांडून आयडाहोत जातो. तिची नोकरी एका टीटनच्या खात्यात, तिचं उत्पन्न दुसऱ्या टीटनच्या. श्रीमंत काउंटीच्या सरासरीत ती नाही, पण ती नसेल तर त्या काउंटीतलं हॉटेल चालत नाही.

हे सांगण्याचं कारण एक दावा. अर्थविषयक लेखांत, सल्लागारांच्या सादरीकरणांत आणि परदेशातल्या नातेवाइकांच्या घरखरेदीच्या गप्पांतही तो हल्ली सारखा भेटतो. अमेरिकेने देशाचे तीन हजारांहून अधिक काउंट्यांत भाग पाडले आहेत; प्रत्येक काउंटीचं उत्पन्न, उत्पादन, रोजगार, बेरोजगारी, दारिद्र्य हे सगळं नियमित छापलं जातं; तेव्हा संधी कुठे आहे आणि कुठे नाही हे तक्ता पाहून कळतं आणि धोरणही तक्ता पाहूनच आखावं, असा तो दावा. त्याला मागून एक शेपूट जोडलेलं असतं: आपल्या जिल्ह्यांचंही असंच करा.

मला हा दावा मान्य नाही. आकडे खोटे आहेत म्हणून नव्हे. त्यांतले बरेचसे फार कष्टाने आणि प्रामाणिकपणे जमवलेले आहेत. आपल्याकडच्या आकड्यांशी झगडलेल्या माणसाला त्यांचा हेवाच वाटेल. माझं भांडण त्यांच्या वाचनाशी आहे. पैसा कुठे नोंदला गेला, हे काउंटीचा आकडा सांगतो. संधी कुणाला आहे, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. तरी उत्तर त्याच्या तोंडी घातलं जातं.

पहिला घोटाळा इतका साधा आहे की तो नजरेआड होतो. एकाच काउंटीच्या नावाखाली छापलेले आकडे एकाच माणसांचे नसतात. रोजगार आणि वेतनाची तिमाही गणना बेरोजगारी विम्याच्या नोंदींवरून होते आणि देशातल्या पंचाण्णव टक्क्यांहून अधिक नोकऱ्या तिच्यात येतात. पण ती नोकरी मोजते कामाच्या जागी. बेरोजगारीचा दर मोजला जातो माणूस राहतो तिथे. व्यक्तिगत उत्पन्नही राहत्या जागेवर. त्यासाठी आर्थिक विश्लेषणाचं सरकारी कार्यालय ये-जा करणाऱ्यांचा हिशेब लावून कमाई एका काउंटीतून काढतं आणि दुसरीत घालतं. काउंटीचं स्थूल उत्पादन मात्र पुन्हा जिथे माल तयार झाला तिथे. म्हणजे तक्त्याच्या चार स्तंभांत दोन वेगळे समाज उभे असतात, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा, आणि वाचणारा एका ओळीत आडवी नजर फिरवून म्हणतो, वा, काय प्रगत काउंटी आहे!

नेवाडातली स्टोरी काउंटी घ्या. व्हर्जिनिया सिटी हे तिचं मुख्य गाव. १८५९ मध्ये तिथे चांदीचा मोठा साठा सापडला, गाव फुगलं, मग ओसरलं. सॅम्युएल क्लेमेन्स नावाच्या बातमीदाराने तिथल्याच वर्तमानपत्रात ‘मार्क ट्वेन’ हे टोपणनाव पहिल्यांदा वापरलं, एवढी त्या गावाची वाङ्मयीन पुण्याई. २०२० च्या जनगणनेत साऱ्या काउंटीची लोकसंख्या चार हजारांच्या थोडी वर. पण २०१४ मध्ये टेस्लाने बॅटरीचा अवाढव्य कारखाना काढायला हीच काउंटी निवडली, राज्याने एक अब्ज डॉलरहून अधिक करसवलती दिल्या, आणि त्या औद्योगिक वसाहतीत एकामागून एक कंपन्या आल्या. आज त्या काउंटीत माणसांपेक्षा नोकऱ्या कितीतरी जास्त आहेत. कामगार येतात शेजारच्या वॉशो काउंटीतून, म्हणजे रेनो आणि स्पार्क्समधून, आणि लायन काउंटीतल्या फर्नलीहून. त्यांची मुलं शाळेत जातात तिकडे, घरभाडं वाढतं तिकडे, रस्ते तुंबतात तिकडे. तक्त्यात भरभराट स्टोरीची. कुणी उद्या ‘दर माणशी सर्वाधिक रोजगार’ अशी यादी काढली, तर ही काउंटी डोक्यावर फेटा बांधून पुढे बसेल.

याहून टोकाचं उदाहरण टेक्ससमधली लव्हिंग काउंटी. २०२० च्या जनगणनेत तिथे माणसं मोजली ती चौसष्ट. आपल्याकडे एका चाळीत याहून जास्त निघतील. पण ती पर्मियन खोऱ्यात आहे आणि जमिनीखाली तेल आहे. आर्थिक विश्लेषण कार्यालयाने डिसेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा काउंट्यांच्या उत्पादनाचे अधिकृत आकडे काढले, आणि हौशी मंडळींनी लगेच त्यांना लोकसंख्येने भागायला सुरुवात केली. अब्जावधी डॉलरचं तेल भागिले चौसष्ट. गणित बरोबर, अर्थ शून्य. तेलविहिरीवर काम करणारा तिथे कंटेनरसारख्या खोलीत पाळी काढतो आणि घरी दुसऱ्या काउंटीत जातो, नफा भागधारकांकडे जातो. आकडा मात्र लव्हिंगच्या नावावर राहतो.

ही टोकाची उदाहरणं झाली, बाकी ठिकाणी असं होत नाही, असं कुणी म्हणेल. मग बेरोजगारीकडे वळू, कारण हा आकडा सर्वांत सोज्वळ मानला जातो. वेस्ट व्हर्जिनियातली मॅकडॉवेल काउंटी कोळशाची. १९५० मध्ये तिथे ९८,८८७ माणसं राहत होती. २०२० मध्ये १९,१११. केनेडींच्या काळात १९६१ मध्ये सरकारने अन्नकुपनांचा प्रयोग सुरू केला, तेव्हा पहिली कुपनं याच काउंटीत दिली गेली. सत्तर वर्षांत पाचांतले चार जण निघून गेले आणि त्यांच्याबरोबर काम शोधणारे हातही गेले. आता बेरोजगारीचा दर काढताना भाजक असतो तो काम करणाऱ्यांचा आणि काम शोधणाऱ्यांचा. जो गाव सोडून गेला तो तिथल्या गणतीत नाही. जो खाणीत कंबर मोडून अपंगत्वाच्या भत्त्यावर बसला आणि कामच शोधत नाही, तोही नाही. त्यामुळे गाव उजाड होत असताना दर खाली येऊ शकतो. त्यात काउंटीचा मासिक दर हा घरोघर जाऊन मोजलेला आकडा नसतो. ज्या राष्ट्रीय पाहणीतून देशाचा दर निघतो, ती सुमारे साठ हजार कुटुंबांची. ती तीन हजार काउंट्यांत पुरणार कशी? मग विमादाव्यांच्या आणि इतर नोंदींच्या आधाराने अंदाज बांधला जातो. अंदाज बांधण्यात पाप नाही. पण तो दशांशापर्यंत छापलेला पाहिला की आपण तो दगडावरची रेघ समजतो.

दारिद्र्याचं तर विचारूच नका. अधिकृत दारिद्र्यरेषेचा साचा १९६० च्या दशकात मॉली ओरशान्स्की या सरकारी अधिकारी बाईंनी घातला: स्वस्तातल्या आहाराचा खर्च गुणिले तीन. तेव्हापासून ती रेषा महागाईनुसार वर सरकते, पण जागेनुसार बदलत नाही. मॅकडॉवेलमधल्या कुटुंबाला जी रेषा, तीच सॅन फ्रान्सिस्कोतल्या कुटुंबाला. २०१८ मध्ये सरकारी योजनांसाठी वापरली जाणारी चौघांच्या कुटुंबाची दारिद्र्याची मर्यादा होती २५,१०० डॉलर. त्याच वर्षी गृहनिर्माण खात्याने सॅन फ्रान्सिस्को, सॅन मॅटेओ आणि मरीन या काउंट्यांत चौघांच्या कुटुंबाला ‘अल्प उत्पन्न’ गटात धरण्यासाठी मर्यादा ठरवली १,१७,४०० डॉलर. एकाच सरकारची दोन खाती, एकच कुटुंब. एकाच्या हिशेबी ते गरिबीच्या चौपट वर, दुसऱ्याच्या हिशेबी घरासाठी मदतीला पात्र. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहणाऱ्या मराठी वाचकांना याचं नवल वाटणार नाही. मुंबईत वाढलेल्या माणसाला तर अजिबात नाही.

शिवाय विद्यापीठांची गावं. वसतिगृहाबाहेर खोली घेऊन राहणारे विद्यार्थी उत्पन्न नसल्यामुळे गरीब मोजले जातात आणि वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिटमनसारखी विद्यापीठाची काउंटी दारिद्र्याच्या यादीत वर चढते. तुरुंगांचं उलटं. कैदी दारिद्र्याच्या गणतीत धरतच नाहीत, पण दरडोई उत्पन्न काढताना लोकसंख्येत धरतात.

आता दाव्याची खरी बळकट बाजू. तिला बगल देणं बरं नव्हे. काउंटी ही केवळ नकाशावरची रेघ नाही, असं तिचे समर्थक म्हणतात. तिला निवडून दिलेलं मंडळ असतं, शेरीफ असतो, न्यायालय असतं, मालमत्ता कर असतो. केंद्राचा पैसा तिच्या नावाने येतो. १९६५ मध्ये स्थापन झालेला अॅपलाचियन प्रादेशिक आयोग आज तेरा राज्यांतल्या ४२३ काउंट्यांची दर वर्षी प्रतवारी लावतो: तीन वर्षांचा सरासरी बेरोजगारी दर, बाजारातून मिळणारं दरडोई उत्पन्न आणि दारिद्र्य. देशातल्या सर्वांत खालच्या दहा टक्क्यांत पडलेली काउंटी ‘संकटग्रस्त’, आणि तिच्या प्रकल्पांना आयोग ऐंशी टक्क्यांपर्यंत खर्च देऊ शकतो. मधल्या प्रतीच्या काउंटीला पन्नास टक्के. पैसा वाटायचा तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि ज्या रेघेच्या आत जबाबदार कारभारी आहे तीच रेघ चांगली. हा मुद्दा मला पटतो.

पण याच आयोगाने पुढे काय केलं तेही पाहा. मधल्या प्रतीच्या आणि धोक्याच्या उंबरठ्यावरच्या काउंट्यांच्या आत शिरून, जनगणनेच्या छोट्या विभागांपर्यंत खाली जाऊन, त्याने ‘संकटग्रस्त क्षेत्रं’ वेगळी काढली: जिथे कुटुंबाचं मध्यम उत्पन्न देशाच्या ६७ टक्क्यांहून जास्त नाही आणि दारिद्र्य देशाच्या दीडपट किंवा त्याहून जास्त आहे. म्हणजे काउंटीच्या आकड्यावर ज्याचा संसार उभा आहे, त्या आयोगालाच तो आकडा पुरेनासा झाला. तक्त्याचे भक्त हे सांगायचं विसरतात.

इथवर गोष्ट उत्पन्नाची आणि नोकऱ्यांची झाली. संधी ही आणखी वेगळी चीज आहे आणि तिचं सर्वांत बोचरं उदाहरण नॉर्थ कॅरोलिनातलं शार्लट. मेक्लेनबर्ग काउंटीतलं हे शहर म्हणजे बँक ऑफ अमेरिकेचं मुख्यालय, उंच इमारती, दर वर्षी येणारी नवी माणसं. काउंटीच्या कुठल्याही तक्त्यात मेक्लेनबर्ग ताठ मानेने उभी. मग २०१४ मध्ये राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रेन, पॅट्रिक क्लाइन आणि इमॅन्युएल सेझ यांचा शोधनिबंध आला. लाखो करविवरणपत्रं निनावी करून त्यांनी विचारलं: तळातल्या पाचव्या हिश्श्यात जन्मलेलं मूल मोठेपणी वरच्या पाचव्या हिश्श्यात पोचण्याची शक्यता किती? सॅन होजेच्या परिसरात ती १२.९ टक्के, शार्लटच्या परिसरात ४.४. पन्नास मोठ्या महानगर परिसरांत शार्लट पन्नासावं. जिथे नोकऱ्या भराभर वाढत होत्या, तिथेच वाढलेल्या गरीब घरच्या मुलाला वर जाण्याची वाट सर्वांत अरुंद. नोकऱ्या आल्या त्या बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसांनी घेतल्या, आणि सरासरी वर गेली.

शार्लटकरांनी हे मुकाट्याने गिळलं नाही. त्यांनी नेमलेल्या कृतिगटाने २०१७ मध्ये अहवाल दिला आणि वस्त्यांच्या वांशिक विभागणीवर बोट ठेवलं. तिथले लोक शहराच्या नकाशाला ‘चंद्रकोर आणि पाचर’ म्हणतात: दक्षिणेला श्रीमंतीची पाचर, तिच्याभोवती गरीब वस्त्यांची चंद्रकोर. दोन्ही एकाच काउंटीत, एकाच सरासरीत. या विभागणीला इतिहास आहे. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच शार्लट-मेक्लेनबर्गच्या खटल्यात मुलांना बसने दूरच्या शाळांत नेऊन शाळा मिश्र करण्याला मान्यता दिली होती. हे तिथे शक्य झालं कारण शाळांचा कारभार आख्ख्या काउंटीचा एकत्र होता; बसला शहराची वेस ओलांडायची अडचण नव्हती. शतक सरता सरता न्यायालयांनी ती व्यवस्था थांबवली आणि शाळा पुन्हा वस्तीसारख्या झाल्या. म्हणजे काउंटी हा कारभाराचा घटक म्हणून मोलाचा होता, हे मी मान्य करतो. पण त्या बसमध्ये बसलेल्या मुलाबद्दल काउंटीच्या दरडोई उत्पन्नात एक अक्षर नव्हतं.

आणि २०२४ मध्ये चेट्टींच्याच संशोधनगटाने नंतरच्या पिढीचा हिशेब लावला, तेव्हा शार्लट अडतिसाव्या क्रमांकावर आलेलं दिसलं. आनंदाची गोष्ट आहे. पण तीही काउंटीच्या उत्पन्नाच्या तक्त्यातून दिसली नव्हती. माणसांचा बालपणापासून माग काढल्यावर दिसली. फरक इथेच आहे. तक्ता विचारतो, आज इथे कोण राहतं आणि किती कमावतं. संधीचा प्रश्न असतो: जे इथे वाढले, ते आज कुठेही असोत, त्यांचं काय झालं? मॅकडॉवेलमधून पळून जाऊन पोटाला लागलेला मुलगा मॅकडॉवेलच्या तक्त्यात कधीच येणार नाही. जॅक्सनमध्ये बंगला घेतलेला न्यूयॉर्कचा गुंतवणूकदार जॅक्सनच्या तक्त्यात येतो, जरी त्याचं बालपण तिथे एक दिवसही गेलेलं नसलं.

मग काउंटी सोडा, आणखी खाली जा, असा उतारा आता सांगितला जातो. २०१८ मध्ये सेन्सस ब्यूरोबरोबर काढलेल्या ‘ऑपर्च्युनिटी अॅटलास’ने तेच केलं: १९७८ ते १९८३ मध्ये जन्मलेली सुमारे दोन कोटी मुलं, आणि सरासरी चार हजार वस्तीचे जनगणना विभाग. एकाच काउंटीतल्या, मैलाच्या अंतरावरच्या दोन विभागांत मुलांची आयुष्यं किती वेगळी निघतात हे त्यात दिसतं, आणि ते पाहून काउंटीची सरासरी पोरकी वाटू लागते. पण मी या उताऱ्याचाही आंधळा भक्त नाही. चार हजार माणसांत विशिष्ट वर्णाची, विशिष्ट उत्पन्नगटातली मुलं मोजली तर हाताच्या बोटांवर उरतात. खासगीपणा राखण्यासाठी आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळावी लागते. आणि हा नकाशा १९८० आणि ९० च्या दशकांत वाढलेल्या मुलांचा आहे, आजच्या गल्लीचा नाही. घर कुठे घ्यावं हे त्यावरून ठरवणारे आईबाप चाळीस वर्षांपूर्वीच्या पंचांगावर मुहूर्त काढत आहेत.

आणि कधी कधी काउंटीची रेघ अगदी नेमकी बोलते, हेही सांगायला हवं. चेट्टी आणि हेंड्रेन यांनी मुलांसह घर बदललेल्या लाखो कुटुंबांचा मागोवा घेतला. २०१५ मध्ये त्याचे पहिले आकडे आले, तेव्हा देशातल्या शंभर मोठ्या काउंट्यांत शिकागोलगतची ड्युपेज सर्वांत वर होती आणि बाल्टिमोर शहर सर्वांत खाली. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे ती ड्युपेजची शेजारीण, रोजगाराचा बाजार एकच, गाडीने तासाभराचं अंतर, तरी कुक तळाकडच्या गटात. इथे काउंटी पातळीचा आकडा बोलका ठरला, कारण प्रश्न बदलला होता: किती पैसा आहे हे न विचारता, इथे वाढलेल्या प्रत्येक वर्षागणिक मुलाच्या पुढच्या कमाईत किती भर पडते किंवा घट होते, हे विचारलं होतं. तीच काउंटी, तीच रेघ. तेव्हा काउंटी हद्दपार करा असं माझं म्हणणं नाही. नाहीतरी काउंटी काही अमरपट्टा घेऊन आलेली नाही: कनेक्टिकटमध्ये काउंट्यांचं सरकार १९६० मध्येच संपलं, आणि २०२२ मध्ये सेन्सस ब्यूरोने तिथल्या काउंट्या आकड्यांतूनही काढून नऊ नियोजन विभाग घेतले. त्या राज्याच्या जुन्या आकड्यांची साखळी तिथेच तुटली.

राहिलं ते शेपूट: आपल्या जिल्ह्यांचंही असंच करा. ही नक्कल मापातच चुकते. अमेरिकेच्या निम्म्याहून अधिक काउंट्यांत तीस हजारांहून कमी माणसं आहेत. सरासरी लाखाच्या आसपास. महाराष्ट्राची २०११ ची ११.२४ कोटी लोकसंख्या आजच्या ३६ जिल्ह्यांत वाटली तर एकेका जिल्ह्याला एकतीस लाख. म्हणजे माणसांच्या हिशेबात काउंटीची बरोबरी तालुक्याशी करावी, तर तालुकाही तिप्पट मोठा निघतो. क्षेत्रफळाचं उलटं: कॅलिफोर्नियातल्या एकट्या सॅन बर्नार्डिनो काउंटीत आपले तीन अहिल्यानगर जिल्हे मावतील. जे मोजमाप लाखभर माणसांत इतकं लपवतं, ते एकतीस लाखांत काय काय लपवेल?

आणि हे आपल्याला नवं नाही. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये जिल्ह्यांचा अनुशेष मांडला, त्या काळाला ते मोठं काम होतं. पण मानव विकास कार्यक्रम २००६ मध्ये बारा जिल्ह्यांपासून सुरू झाला आणि २०११ मध्ये त्याला तालुक्यांवर, १२५ तालुक्यांवर, यावं लागलं. जव्हार-मोखाडा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. म्हणजे कुपोषणाने बालकं दगावल्याच्या बातम्या जिथून येत, ते पाडे ठाणे-कल्याण-नवी मुंबईच्या कारखान्यांच्या आणि इमारतींच्या सरासरीत बसत होते. पालघर वेगळा झाला त्या दिवशी मोखाड्यात काहीच बदललं नाही. तक्ता तेवढा बदलला.

आपलं जिल्हा उत्पन्न तर जिथे माल किंवा सेवा तयार झाली तिथेच मोजलं जातं.  विरारहून पहाटेची लोकल पकडून चर्चगेटला उतरणारी नर्स पालघर जिल्ह्यात राहते. तिच्या दिवसभराच्या कामाचं मोल मुंबईच्या खात्यात जमा होतं, आणि मग मुंबईचा दरडोई आकडा काढताना भाजकात ती नसते. तिची खिंड म्हणजे वसईची खाडी आणि तिच्यावरचा रेल्वेपूल. पूल एक दिवस बंद पडला की मुंबईच्या आकड्यातली तिची जागा सगळ्यांना दिसते, मग पुन्हा विसरली जाते.

राज्याची आर्थिक पाहणी दर वर्षी येते आणि तिच्यात जिल्ह्यांच्या दरडोई उत्पन्नाचा तक्ता असतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘अमुक जिल्हा अव्वल’ असा मथळा असतो. माझी वाचकांना एवढीच विनंती आहे की पुढच्या वर्षी तो मथळा दिसला, की बातमी लिहिणाऱ्याला आणि आपल्या आमदाराला एक प्रश्न पत्राने विचारा: रात्री साडेनऊच्या विरार लोकलमधून उतरणाऱ्या बाईची कमाई यात कुठल्या जिल्ह्याच्या नावावर लावली आहे?